कौतिक नानांची डावी बाजू

भाईदासभाऊंना नऊ मिलिमीटरचा मुतखडा निघाला, त्या वर्षी कौतिक नानांनी स्वतःची दोनदा सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "चांगलंय की, पेढे वाटा." नाना घरी आले आणि दोन वेळ जेवले नाहीत. त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, कारण विचारलं तर म्हणाले, "नऊ मिलिमीटर म्हनजे केवढा गं?" लताबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी हरभऱ्याचा एक दाणा उचलून दाखवला. "एवढासाच?" असं म्हणून नानांना जरा बरं वाटलं आणि त्यांनी भाकरी मागितली.

नाना वाईट माणूस नाहीत. गावातल्या बाकीच्या चारशे उंबऱ्यांबद्दल त्यांच्या पोटात नुसती माया आहे. कोणाचं लग्न असो की दवाखाना, नाना आधी हजर. फक्त भाईदासभाऊंचा विषय निघाला की पोटातली माया आटते आणि तिथे दुसरंच काही शिजू लागतं.

त्याचं मूळ चुन्याच्या वाटीत आहे.

आमचं गाव मुक्ताईनगरच्या बाजूचं, केळीचं. गावात एक पद्धत आहे. नव्या बागेची पहिली कापणी असली की कापणारे एकदम आत शिरत नाहीत. आधी एक माणूस जातो, हातात कालवलेल्या चुन्याची वाटी घेऊन. दोन ओळींमधल्या सरीतून तो चालतो, दोन्ही बाजूंचे घड बघतो आणि ज्या झाडाचा घड तयार झाला, म्हणजे केळ्यांच्या कडा मोडून ती गोल भरली, त्याच्या खोडावर बोटाने चुन्याची रेघ ओढतो. मागून येणारे फक्त रेघ असलेली झाडं कापतात. बाकीची पुढच्या खेपेला. केळं लवकर कापलं तर वजन जातं, उशिरा कापलं तर दिल्लीला पोचायच्या आत ट्रकमध्येच पिवळं होतं. म्हणून रेघ ओढणाऱ्याची नजर पक्की लागते. बागेचा मालक त्याला एक टॉवेल, एक नारळ आणि पहिला घड देतो. टॉवेल अगदी साधा, दोन धुण्यांत विरतो. पण तो खांद्यावर टाकून चौकातून घरी जायचं जे सुख आहे, ते आमच्याकडे आमदाराला पण मिळत नाही.

ही वाटी सव्वीस वर्षं कौतिक नानांच्या हातात होती. चालत्या एसटीच्या खिडकीतून परक्या गावाची बाग बघून नाना सांगायचे, "चौथी ओळ. गुरुवारी कापा." त्या गावात कोणी ओळखीचं असेल तर गुरुवारी फोन यायचा, की नाना, बरोबर.

आणि भाईदासभाऊ? ते शिंदखेड्याकडचे, धुळे जिल्ह्यातले. बाजरी, मिरची आणि भुईमूग यांच्यात वाढलेले. केळीचं झाड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या लग्नात, मांडवाला बांधलेलं. नानांची चुलत बहीण बेबाबाई हिच्याशी लग्न करून ते घरजावई म्हणून गावात आले, त्याला एकतीस वर्षं झाली. नाना अजून त्यांना 'पाव्हना' म्हणतात. या पाव्हण्याने दहा वर्षांत केळी शिकावी, वीस वर्षांत गावातली दुसऱ्या नंबरची नजर म्हणून नाव काढावं, आणि एवढं सगळं करताना बोलावं मात्र धुळ्याकडचीच अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणारी, हे नानांना सहन होत नसे. "केयी पाह्यतो आमच्या, अन् बोलतो बाजरीचं," असं ते म्हणत.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका सकाळी नानांचं डोकं मागून दुखायला लागलं. डोळ्यांपुढे उन्हातल्या पाण्यासारखं काहीतरी झिरमिळलं. गोठ्याकडे जाताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. नानांनी चौकटीला शिवी दिली. लताबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. दुपारपर्यंत दुखणं गेलं आणि विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं.

चार दिवसांनी रतिलालच्या बागेची पहिली कापणी होती. नाना वाटी घेऊन आत गेले, नेहमीच्या झोकात. एका टोकाने शिरायचे, दुसऱ्या टोकाने निघायचे, बांधावरून फिरून पुन्हा पहिल्या टोकाला यायचे आणि एक सरी सोडून पुढच्या सरीत शिरायचे. कापणारे मागे गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक सरीत उजवीकडे रेघाच रेघा आहेत आणि डावीकडे एकही नाही.

आता दुसऱ्या कुठल्या गावात कोणी विचारलं असतं, की नाना, इकडचं काय? आमच्या गावात नाही विचारलं. नानांनी रेघ ओढली नाही, म्हणजे घड तयार नाही. तिथे शंका काढणं म्हणजे घड्याळाला वेळ विचारून पुन्हा सूर्याकडे बघणं. उलट कापणाऱ्यांनी आपसांत कारणंही शोधली. एक म्हणाला डावीकडून वारा लागतो, म्हणून मागे राहिली असतील. दुसरा म्हणाला ड्रिपच्या नळ्या तिकडे तुंबल्या असतील. अर्धी बाग कापून, अर्धी उभी सोडून मंडळी घरी गेली.

दहा-बारा दिवसांत डावी बाजू झाडावरच पिवळी झाली. गावाला कळायच्या आधी ते सातपुड्याकडच्या वानरांना कळलं. चाळीसेक आली. तीन दिवस मुक्काम केला. चौथ्या दिवशी रतिलाल चौकात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "नाना, वांदराले दिसलं, अन् तुमाले नाही दिसलं?"

नानांनी क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, "म्या रेघा ओढल्या होत्या. पाव्हन्यानं पुसल्या."

भाईदासभाऊ चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "बठ्ठ्या रेघा? मी वल्लं फडकं लिसन सरी सरी फिरनू का, नाना? मले काही कामधंदा शे का नही?"

"तुले कामधंदा असता तं तू मुतखडा घेऊन गावभर दाखवत फिरला असता का?"

चौक हसला, पण नेहमीसारखा नाही. नानांना ते कळलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्यांच्याकडे बघून हसायच्या आधी एकमेकांकडे बघत होते.

त्याच आठवड्यात योगराज नानांच्या ओट्यावर आला. योगराजची बाग गावातली सगळ्यात मोठी, आणि तिची पहिली कापणी वैशाखात यायची होती. योगराज भला माणूस. त्याने चहा घेतला, पावसाचं बोलला, नानांच्या म्हशीची तब्येत विचारली, दुसरा चहा घेतला. वाटीचं काही बोलला नाही. मग चप्पल घालून खाली मान घालून निघाला. तो कुठे वळतो हे बघायला नाना ओट्यावर उभे राहिले. तो डावीकडे वळला आणि नानांना दिसेनासा झाला.

डावीकडे भाईदासभाऊंचं घर आहे.

खरा उलगडा लताबाईंनी केला, तोही ताटावर. महिनाभर नाना तक्रार करत होते, की जेवणात तिखट नाही. लताबाई रोज ठेचा वाढत होत्या आणि तो रोज ताटात तसाच राहत होता. चटणी, ठेचा, लोणचं ही मंडळी आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला बसतात. लताबाईंनी दोनचार दिवस नुसतं पाहिलं. एका दुपारी नाना म्हणाले, "ठेचा सरला का घरातला?" तेव्हा लताबाई जवळ आल्या. त्यांनी ताट उचललं नाही, काही नवीन वाढलं नाही. नुसतं ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं.

"हां, आता कसा वाढला," म्हणून नाना ठेच्यावर तुटून पडले.

लताबाई हात धुऊन पलीकडे माझ्या घरी आल्या. "भाऊ, गाडी काढ. जळगावले जा लागीन. यांची डावी बाजू हरवली."

डोळ्यांच्या दवाखान्यात नानांनी सगळी अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम. सहा बाय सहा." नानांनी ते कागदावर लिहून मागितलं. भाईदासभाऊंना चष्मा आहे. मग नानांना एका घुमटासारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं आणि हातात बटण दिलं. दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं. नानांनी उजवीकडचे सगळे दिवे टिपले. बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाले, "मशीन चांगलं हाय, पन डाव्या बाजूचे बल्ब गेले तुमचे."

डॉक्टरांनी डावा डोळा झाकून पुन्हा बघायला सांगितलं. बल्ब गेलेलेच. उजवा झाकला. तरी गेलेले. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून आम्हाला मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं.

या डॉक्टर नूतनताई. वय पस्तिशीचं, बोलणं स्वच्छ. नानांनी खुर्चीत बसता बसता गाव विचारलं. त्या म्हणाल्या, "धुळ्याची." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच भाईदासभाऊंकडून सुपारी घेतली आहे.

एमआरआय झाला. नूतनताईंनी काळी फिल्म दिव्यावर लावली आणि डोक्याच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, एक डाग दाखवला. "त्या दिवशी डोकं दुखलं ना, तेव्हा इथला रक्तपुरवठा तुटला. लकव्याचाच लहान भाऊ. हातपाय वाचले, दिसणं अर्धं गेलं."

"डोये तं चांगले हायेत," नाना म्हणाले. "हा कागद पाह्या."

"डोळे चांगलेच आहेत. नाना, तुमच्याकडे ड्रिप आहे?"

"सगळ्या वावरात."

"मग असं समजा, दोन डोळे म्हणजे दोन विहिरी. प्रत्येक विहिरीतून दोन नळ निघतात. एका नळात डावीकडे जे आहे ते, दुसऱ्यात उजवीकडे जे आहे ते. दोन्ही विहिरींचे नळ नाकाच्या मागे, आत, एका चौकात भेटतात. तिथे वाटणी होते. दोन्ही डोळ्यांतलं डावीकडचं सगळं पाणी मेंदूच्या उजव्या भागाकडे, उजवीकडचं सगळं डाव्या भागाकडे. तिथून पुढे एका व्हॉल्व्हमधून ते डोक्याच्या पार मागच्या वावरात पोचतं. तिथे पोचलं की माणसाला दिसतं. तुमच्या विहिरी भरलेल्या आहेत. उजवीकडचं मागचं वावर तेवढं वाळलंय."

ड्रिपचा विषय असल्यामुळे नानांना एकदम पटलं. "म्हनजे डोये पुढं, अन् दिसनं मागं?"

"हो."

"अन् वांदराचं?"

नूतनताईंना हा प्रश्न कुठून आला ते कळलं नाही. मला कळलं. "माकडाचं अगदी आपल्यासारखंच," त्या म्हणाल्या. "डोळे पुढे, चौकात वाटणी, मागे वावर. माकडावरूनच तर आपल्याला हे एवढं कळलं."

"त्यांले दोन्हीकडचं दिसतं?"

"निरोगी असेल तर दिसणारच."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर जळगावच्या रिक्षा होत्या, पण नानांना रतिलालच्या बागेतली चाळीस वानरं दिसत असावीत, प्रत्येकाचं मागचं वावर हिरवंगार, दोन्ही बाजूंना. भाईदासभाऊ सोडून दुसऱ्या कोणाचा हेवा करण्याची नानांची ती पहिलीच वेळ होती.

मग नूतनताईंनी एक गंमत केली. नानांना समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायला सांगितलं आणि स्वतः डावीकडे एक चमकती कांडी धरून वर-खाली, आडवी हलवायला लागल्या. "कांडी कशी हलतेय?"

"कांडी कुठी हाय?"

"दिसत नसली तरी सांगा. अंदाजाने."

"दिसत नाही तं सांगू काय?"

"पाव्हणे आलेत आणि घरात साखर नाही, असं समजून काहीतरी बोला."

नाना वैतागून बोलत गेले. वर-खाली. आडवी. आडवी. वर-खाली. दहापैकी नऊ बरोबर. लताबाईंनी तोंडाला पदर लावला. नाना म्हणाले, "मी तं फेकत होतो."

"फेकत नव्हता. बघा, नळाची लाइन आली म्हणून शेतातला जुना पाट कोणी बुजवतो का? गवताखाली तो असतोच, थोडं पाणी जात राहतं. बेडूक काय, चिमणी काय, यांचा संसार त्या जुन्या पाटावरच चालतो. माणसामाकडांत मोठी लाइन आली, पण पाट राहिला. तुमची लाइन तुटली, पाट चालू आहे. त्यातून दिसत नाही, पण हललेलं कळतं. थांबलेलं मात्र नाही कळत." मग त्यांनी एका माकडिणीची गोष्ट सांगितली. परदेशात अभ्यासासाठी तिच्या मेंदूचं ते मागचं वावर काढून टाकलं होतं. सगळ्यांना वाटलं, आंधळी झाली. तिला रोज मोकळ्यावर फिरवून आणलं, शिकवलं, तर काही वर्षांनी ती झाडांना न धडकता चालायला लागली, जमिनीवर पडलेले खाण्याचे बारीक कण अचूक उचलायला लागली.

"किती वर्सं लागले तिले?" नानांनी विचारलं.

"सात-आठ."

"माकडीनच होती ना?"

"हो."

"मंग मी चारात करीन."

नूतनताईंनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, मोटरसायकल बंद केली आणि एक काम दिलं. दिवसभर, आठवण ठेवून, मान डावीकडे पूर्ण वळवायची. गेलेलं वावर परत येईल न येईल, पण मान वळवली की डावीकडचं उजवीकडे येतं. "लाज वाटू देऊ नका," त्या म्हणाल्या. त्यांना नानांची अडचण काय, ते माहीत नव्हतं.

गावात आल्यावर नानांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एमआरआयची फिल्म घेऊन ओट्यावर बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला उन्हात धरून दाखवली. तिसऱ्या दिवशी भाईदासभाऊ आले. चष्मा पुसून त्यांनी फिल्म वर धरली, उलटी केली, सुलटी केली. "हाई बठ्ठं तुनं डोकं शे?"

"तीस फोटू हायेत. मशीनमधी पूर्ण आत जा लागतं. मुतखड्यासारखं नाही, पोटावर जेली फासली अन् झालं."

फिल्म परत देताना भाईदासभाऊंनी ती थोडा वेळ हातात धरून ठेवली. त्याच आठवड्यात बेबाबाई लताबाईंना सांगत होत्या, "काय सांगू वयनी, आता यांचंबी डोकं दुखू लागलं. जळगावले नेय म्हनतात." हे ऐकून नानांनी त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या. नऊ मिलिमीटरची बाकी फिटली होती.

पण वाटी गेली होती, ती गेलीच. योगराजने भाईदासभाऊंना सांगितल्याचं गावभर झालं. घरात नाना मान वळवण्याचा सराव करत. लताबाई डावीकडे तांब्या ठेवायच्या, मांजर सोडायच्या, कधी नुसत्याच उभ्या राहायच्या. बाहेर मात्र नाना मान ताठ ठेवत. "घुबडासारखी मान फिरवतो म्हनीन तो पाव्हना," असं म्हणत. चौकात बसायचे तर डावीकडे भिंत येईल अशी जागा धरून. भिंतीकडे बघायचं काही नसतं, त्यामुळे न दिसण्यात कमीपणा नाही.

"त्या माकडीनीनं लाज धरली असती तं ती आठ वर्सांतबी शिकली नसती," लताबाई एकदा म्हणाल्या.

"तिच्या शेजारी पाव्हना राह्यत नव्हता," नाना म्हणाले.

वैशाख आला. योगराजच्या कापणीच्या दिवशी नाना सकाळीच म्हणाले, "मी काही तिकडं जानार नाही." आठ वाजता ते योगराजच्या बांधावर बसलेले होते. कापणारे विळे घेऊन उभे. योगराजच्या खांद्यावर नवा टॉवेल, पिशवीत नारळ. भाईदासभाऊ वाटी घेऊन आले. नवा सदरा, कपाळाला गंध. बागेच्या तोंडाशी थांबले आणि नानांकडे वळून म्हणाले, "नाना, चाल ना संगे."

लोकांना तो मोठेपणा वाटला. मोठेपणा कसला आला आहे. ज्या वाटीसाठी वीस वर्षं झुरलो ती अखेर हातात आली, आणि बघायला नानाच नाहीत, तर तिच्यात नुसता चुनाच उरतो. भाईदासभाऊंना साक्षीदार हवा होता. नानाही उठले. त्यांनाही बघायचंच होतं, पाव्हणा कुठे चुकतो ते.

दोघे सरीत शिरले. भाईदासभाऊ डावीकडे, नाना उजवीकडे, मागे योगराज, त्याच्यामागे मी आणि कापणारे. भाईदासभाऊ डावीकडच्या झाडांवर रेघा ओढत होते. नाना उजवीकडे बघत चालले होते आणि दहा पावलांत त्यांच्या तोंडून आपोआप निघायला लागलं, "हा घ्या. हा नाही. हा घ्या. याच्या कडा मोडायच्या हायेत, आठ दिवस." भाईदासभाऊ मुकाट्याने उजवीकडे येऊन नाना म्हणतील तिथे रेघ ओढायचे, कारण नाना म्हणतील ते बरोबर असायचं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मिरची लागल्यासारखं व्हायचं.

निम्म्या सरीत गंमत झाली. डावीकडे एक जाडजूड घड होता. भाईदासभाऊंनी बोट चुन्यात बुडवलं आणि खोडाकडे नेलं. नाना उजवीकडे बघत होते, मान सरळ. त्यांचा डावा हात सटकन गेला आणि भाईदासभाऊंचं मनगट त्याने हवेत धरलं. चुन्याचा एक थेंब खाली पडला.

सगळे थांबले. नाना स्वतःही दचकले. आपला हात कुठे गेला आणि त्याने काय धरलं आहे, हे त्यांना दिसत नव्हतं.

मग नानांनी ती मान वळवली. सावकाश, पूर्ण, घुबडासारखी, भाईदासभाऊंच्या डोळ्यांदेखत, पंधरा माणसांपुढे. आधी स्वतःच्या मुठीतलं मनगट पाहिलं, मग वाटी, मग घड. घडाकडे ते बराच वेळ बघत राहिले. "कच्चा हाय," ते म्हणाले. "वरची फनी भरली, खालच्या दोन फन्यांच्या कडा अजून उभ्या हायेत. वाकून पाह्य."

भाईदासभाऊंनी वाकून, चष्मा सावरून पाहिलं. कडा उभ्या होत्या. "पन नाना," ते म्हणाले, "तुले तं डावीकडनं दखास नही ना?"

"नाही दिसत."

"मंग मना हात कसा धरा तू?"

"तुहा हात हालला ना." नानांनी मनगट सोडलं. "पाव्हना, तू माह्या वाटीत बोट घातलं, की ते समजाले मले डोये लागत नाहीत."

योगराज खोकला. कापणारे केळीच्या पानांकडे बघायला लागले. भाईदासभाऊ वाटीकडे बघत होते. मला वाटलं, आता वाटी नानांच्या हातात देतील. तसं काही झालं नाही, दोघेही तेवढे भले नाहीत. त्यांनी वाटी मधोमध धरली, दोघांच्या हाताला येईल अशी, आणि म्हणाले, "तू उजवी देख, मी डावी देखस. चाल."

सरी संपली. नेहमीप्रमाणे बांधावरून पुढच्या सरीकडे जायचं, तर नाना तिथेच उलटे फिरले आणि त्याच सरीतून परत निघाले. आता भाईदासभाऊंनी रेघा ओढलेली बाजू नानांच्या उजवीकडे आली होती. पाच पावलांवर नाना थांबले, उपरण्याचं टोक थुंकीने ओलं केलं आणि एक रेघ पुसली. दहा पावलांवर दुसरी पुसली. रतिलाल तिथे असता तर त्याला पुसणं म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायला मिळालं असतं. भाईदासभाऊंच्या वाट्याला आता नानांनी तपासलेली बाजू आली होती. तेही काही कच्चे नव्हते. त्यांनी नानांनी सोडलेले घड एकेक उलटसुलट तपासले आणि कपाळाला घाम येईपर्यंत शोधून एक काढला, जो नानांनी 'नाही' म्हटला होता आणि जो तयार होता. त्यावर त्यांनी एवढी मोठी रेघ ओढली की ती बांधावरून दिसावी.

त्या दिवशी प्रत्येक सरी दोनदा चालून झाली. कापणाऱ्यांच्या विळ्यांना दुपारपर्यंत काम नव्हतं. पण माल असा निघाला की एक घड मागे नाही, एक पुढे नाही. व्यापारी म्हणाला, असा एकसारखा ट्रक त्याने भरलाच नव्हता. तेव्हापासून आमच्या गावात पहिल्या कापणीला दोघांना बोलावतात. चार विहिरी, मागे चार वावरं, त्यातलं एक वाळलेलं, आणि वर एक चष्मा, अशी ती जोडी आहे. दोघांना एकमेकांचं चांगलं बघवत नाही, त्यामुळे काही सुटत नाही.

योगराजची मात्र पंचाईत झाली. टॉवेल एक, माणसं दोन. त्याने मुक्ताईनगरला गाडी पाठवून दुसरा आणवला आणि नारळ फोडून अर्धा अर्धा केला. दोघे आपापला टॉवेल खांद्यावर टाकून चौकातून घरी गेले, भाईदासभाऊ अर्थातच नानांच्या उजवीकडून, दिसावं म्हणून.

घरी पोचल्यावर नानांनी टॉवेल खाटेवर पसरला. एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने वीत वीत मोजला. पाणी प्यायले. पुन्हा मोजला. मग लताबाईंना हाक मारली.

"जरा बेबाकडं जाय बरं."

"कसासाठी?"

"काही नाही. सहज ईचार," नाना म्हणाले, आणि डावीकडे, भाईदासभाऊंच्या घराच्या बाजूला, त्यांनी मान अगदी शेवटपर्यंत वळवली. "त्याचा टॉवेल केवढा हाय?"